भुंडे हात

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा ना. दिवाळी अंकात लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी बरं म्हटलं आणि कागद घेऊन बसले. पण जी जी गंमत आठवायला घेतली, तिच्या शेवटाला पोचेपर्यंत माझं डोकं तापायला लागलं. नवऱ्यानं खांद्यावरून डोकावून वाचलं आणि म्हणाला, "अगं, लेख लिहितेयस की तक्रार अर्ज?" तेव्हा आधीच सांगून ठेवते. ज्यांना हलकंफुलकं हवंय त्यांनी खुशाल पुढचा लेख उघडावा. मी काही कुणाला गुदगुल्या करायला बसलेली नाही.

मी लाइव्ह मिक्सिंग करते. म्हणजे काय, ते माझ्या सख्ख्या नणंदेलाही इतक्या वर्षांत कळलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते, "वहिनी शूटिंगला जाते." शूटिंगला कॅमेरावाले जातात, बाई! मी स्टेजच्या बाजूला काळं कापड टाकलेल्या टेबलामागं बसते. समोर स्विचर नावाचं मशीन असतं, पेटीपेक्षा जरा लहान, वर रांगेनं दिवे लागणारी बटनं. तीन-चार कॅमेऱ्यांची चित्रं त्यात येतात आणि बाहेर एकच जातं. कुठलं जाणार आणि कधी, हे मी ठरवते, आणि ते डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवावं लागतं. नवरीचा हुंदका निघून गेल्यावर तिच्यावर कॅमेरा लावून काय उपयोग?

आधी महापेला एका चॅनेलच्या स्टुडिओत होते. तिथं चहा आणि शिव्या दोन्ही वेळच्या वेळी मिळायच्या. पुढं चॅनेल बसलं. तेव्हापासून नेरूळच्या घरून मशीन गाडीत टाकायचं आणि बोलावतील तिथं जायचं. लग्नं, हळदी, क्लासवाल्यांचे सत्कार, कंपन्यांचे वार्षिक सोहळे. आणि जाईन तिथं एकच वाक्य ऐकायचं, "मॅडम, बटनं तर दाबायचीत!" अरे, पेटीलाही पट्ट्याच असतात. बसतोस का वाजवायला?

आता की म्हणजे काय ते सांगते, कारण पुढची सगळी कटकट तिच्यावरूनच आहे. कुलपाची की नव्हे. एका चित्राला भोक पाडायचं आणि त्या भोकातून दुसरं चित्र दाखवायचं, याला आमच्यात की लावणं म्हणतात. तुम्ही टीव्हीवर हवामान सांगणारी बाई बघता ना, नकाशापुढं उभी असलेली? तिच्यामागं नकाशा नसतो, नुसतं पोपटी कापड असतं. मशीनला मी सांगते, हिरवं दिसेल तिथं भोक पाड आणि त्यात नकाशा भर. हिरवंच का, तर माणसाच्या कातडीत हिरवं नसतं. त्या कापडाला सगळे क्रोमा म्हणतात.

पण हिरवं म्हणजे कुठलं हिरवं, हे मशीनला कळत नाही, ते आपण सांगायचं. त्यासाठी एक गोल नॉब असतो, क्लिप म्हणतात. तो जपून फिरवला तर फक्त पोपटी कापड जातं. आणखी फिरवला की त्याच्या शेजारचं हिरवं जातं, मग त्याच्या शेजारचं. माझी सगळी कारागिरी त्या नॉबवर. कापड पूर्ण जायला हवं आणि बाकीचं जागच्या जागी राहायला हवं. मशीनला पडदा कुठला आणि पदर कुठला, काही कळत नाही.

चॅनेलवर असताना एका निर्मात्यानं पाककृतीचा कार्यक्रम क्रोमावर करायचं ठरवलं. का? तर मागं महाबळेश्वर दाखवायचं होतं. कोथिंबीर वडी करायला महाबळेश्वर कशाला लागतं, देव जाणे. कार्यक्रम सुरू झाला आणि बल्लवाचार्य कोथिंबीर चिरायला लागले, तर पाटावर धबधबा. ते मूठभर कोथिंबीर उचलतायत आणि मुठीतून पाणी पडतंय. निर्माता माझ्यावर ओरडला, "ती कोथिंबीर आणा परत!" म्हटलं, कोथिंबीर हिरवी आहे हो, तुमच्या पडद्यासारखीच. तर हा पठ्ठ्या फ्लोअरवर ओरडून सांगतो, "कोथिंबीर कॅन्सल! कढीपत्ता घ्या!" यावर हसायचं असेल तर हसा. मला तेव्हा ते मशीन उचलून त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं होतं.

बाहेर पडल्यावर तर विचारूच नका. हळदीला स्क्रीनवर पुढारी साहेबांच्या नावाची पट्टी ही एक नवीन साथ आलीय. 'शुभेच्छुक' म्हणून खाली नाव आणि हात जोडलेला फोटो, कार्यक्रम संपेपर्यंत. नवरी खाली वाकून मोठ्यांच्या पाया पडते, तेव्हा तिचं तोंड नेमकं त्या पट्टीमागं जातं. एकदा मी तेवढ्यापुरती पट्टी काढली, तर साहेबांचा माणूस धावत आला. "मॅडम, नवरीचं नाव चुकलं तरी चालेल, साहेब हलता कामा नये." लग्न कुणाचं, विचारलं मी. तो खरंच विचारात पडला.

असो. ज्या एका दिवसासाठी हा लेख लिहायला घेतला तो सांगते.

गेल्या हिवाळ्यात बोनकोडेला एक हळद होती. गावाची हद्द कुठं संपते आणि सेक्टर कुठं सुरू होतो हे आता कुणालाच सांगता येत नाही, पण हळद अजून गावाचीच असते. सगळं गाव येतं. कार्यक्रम दुपारचा, मैदानात बंद मंडप, स्टेजच्या बाजूला भिंतीएवढी एलईडी स्क्रीन, आणि तेच चित्र लाइव्ह नवऱ्या मुलाकडं, खांदेश्वरला. नवरी प्रणाली, आगऱ्यांची मुलगी, नेरूळच्या दवाखान्यात फिजिओथेरपीचं काम करणारी. तिचे वडील गजानन दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं गेलेले. घरात आई सुनंदाताई, आणि कर्तेकरविते गजाननचे मोठे भाऊ बाळारामकाका.

इव्हेंटवाला रोनक नावाचा मुलगा होता. कानात दोन फोन, तोंडात मावा. त्यानं काकांना एक पॅकेज विकलं होतं, 'स्वर्गातून आशीर्वाद'. म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो घ्यायचा, एआयवर टाकून त्याला हलता-हसता करायचा आणि लाइव्ह कार्यक्रमात स्टेजवर ढगातून उतरवायचा. स्टेजच्या मागं क्रोमा, स्क्रीनवर त्या जागी निळं आकाश, पांढरे ढग, आणि एका ढगात बाप दोन्ही हात वर करून आशीर्वाद देतोय. नवरीला स्टेजवरून दिसावं म्हणून समोर खाली एक छोटा टीव्हीही ठेवलेला. "मॅडम, इमोशनल मोमेंट होणार," रोनक म्हणाला, "पब्लिक नुसतं रडणार."

मी कापड बघितलं आणि विचारलं, "नवरीच्या हातात काय आहे?"

"हातात काय असणार? बांगड्या."

"कुठल्या रंगाच्या?"

"मॅडम, तुम्ही मिक्सिंगला आलाय का ज्वेलरीला?"

हिरवा चुडा, रोनकशेठ! सकाळीच कासारीण येऊन नवरीला आणि झाडून सगळ्या सवाष्णींना कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून गेली होती. मराठी हळदीला हिरवा पडदा लावणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी म्हटलं निळं कापड आण. तो म्हणाला, आता कुठून आणू. त्याच्याशी डोकं लावण्यात अर्थ नव्हता. चुडा भरलेल्या एका सवाष्णीला पाच मिनिटं कॅमेऱ्यापुढं उभं केलं आणि नॉब घेऊन बसले. कापड पोपटी, चुडा गडद, बाटलीच्या काचेचा असतो तसा. दोघांच्या मध्ये थोडीशी जागा होती. नॉब त्या जागेत नेऊन बसवला. कापड गेलं, चुडा राहिला. काचेची चमकसुद्धा राहिली. हे जमतं ते बटनं दाबून जमत नाही, पण जाऊ द्या.

तेवढ्यात स्टेजमागून आवाज चढायला लागले. मी गेले तर प्रणाली पिवळ्या साडीत उभी, डोळे लाल. समोर काका. सुनंदाताई कोपऱ्यात खुर्चीवर, फिकट साडी, हात मांडीवर.

"आई स्टेजवर नसेल तर मी पाटावर बसनार नाय," प्रणाली म्हणत होती. "आन पयली हलद तिनं लावायची."

"बाय, माजं ऐक," काका तिला समजावत होते. ओरडत नव्हते, हे कबूल करायला हवं. "देवाचं काम हाय. तिचा नवरा गेलाय. हलदीला ती पुढं आलेली चालत नाय. तुज्या सासरची सगली खांदेश्वरला टीव्ही लावून बसलीत. ती काय बोलतील?"

माझा संताप कुठून सुरू झाला ते नीट ऐका. गेलेल्या बापाला ढगात बसवून आणायला खर्च केला होता. आणि जिवंत आई, जिनं दोन वर्षं एकटीनं हे घर चालवलं, तिला स्टेजच्या पायरीवर पाय ठेवायची बंदी. मेलेला चालतो, जिवंत चालत नाही. हे कुठलं गणित?

रोनकनं मध्ये तोंड घातलं. "काका, टेन्शन नका घेऊ. सोल्युशन आहे." आणि पळत जाऊन उरलेल्या क्रोमाचा तुकडा घेऊन आला. "मावशींना हा पांघरायचा. स्टेजवर बसतील, नवरी खूश. स्क्रीनवर हिरवं दिसतच नाही, म्हणजे मावशी दिसणार नाहीत, तुम्ही खूश. तोंडावर पप्पांचा ढग आणतो मी माझ्या लॅपटॉपमधून. नो प्रॉब्लेम!"

मला वाटलं कुणीतरी त्याच्या थोबाडीत देईल. पण काका विचार करायला लागले! म्हणाले, "बसू दे. पन हलद लावायची नाय." प्रणाली रडत होती. सुनंदाताईंना कुणी काही विचारलंच नाही. रोनकनं ते कापड त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळलं, न्हाव्याच्या दुकानात गुंडाळतात तसं, आणि मागून क्लिपा लावल्या. बाई तशीच बसून राहिली.

मी म्हटलं, "काका, हे बरोबर नाही."

काकांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. नजर हातांवर थांबली. "मॅडम, तुमचे मिस्टर…?"

"ठणठणीत आहेत. घरी कुकर लावतायत."

"मग हात आसं भुंडं?"

घ्या! आयुष्यभर हे ऐकत आलेय. बांगड्या घालून स्विचरवर बसता येत नाही हो. एक तर त्या बटनांवर आपटतात, आणि कानाला लावलेल्या हेडसेटच्या माइकवरून सगळ्या कॅमेरावाल्यांना माझी किणकिण ऐकू जाते. सासूबाईंनी सुरुवातीला दोन वर्षं अबोला धरला होता याच्यावरून. पण काकांना हे सगळं सांगत बसले नाही. त्यांना कामाचं सांगितलं.

"काका, नीट ऐका. या शालीला घड्या पडणार. घडीत सावली असते, आणि सावलीतलं पोपटी गडद दिसतं. ते घालवायचं तर मला नॉब पुढं न्यावा लागेल. मग सगळ्यांचे चुडे जातील."

काका हसले. "चुरं कुठं जातान? कासारनीनं घट्ट बसवलेत."

मी रोनककडं बघितलं. तो म्हणाला, "मॅडम, क्लायंट बोलला ते करा ना. लेक्चर कशाला?" ठीक आहे, म्हटलं. तुम्ही सांगाल तेच करते. त्यात एका केसाचाही फरक करणार नाही.

कार्यक्रम सुरू झाला. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. धवले म्हणजे लग्नाची गाणी. ती गाणी म्हणत देवांना हळदीला बोलावते आणि सगळे विधी तीच करून घेते. इथली धवलारीण हिराबाय, सत्तरी उलटलेली, आवाज मात्र खणखणीत. तिला गळ्याजवळ छोटा माइक लावला होता. प्रणाली हात पदराखाली घेऊन पाटावर बसली. तिच्या मागं हिरव्या गाठोड्यात सुनंदाताई.

दोन नंबर कॅमेऱ्यावर आमचे इक्बालभाई होते, उरणकडचे. माझ्याबरोबर चॅनेलपासूनचे. कानात त्यांचा आवाज आला, "ताई, हे काय चाललंय? जित्या बाईला पुसतायत?"

"बघत राहा," मी म्हटलं. "आणि फ्रेम हलवू नका."

स्क्रीनवर आकाश आलं, ढग आले. मंडपात "आईशप्पथ!" झालं. पण सुनंदाताईंच्या शालीच्या घड्या हिरव्या रेषांसारख्या दिसत होत्या, ढगात वेल उगवल्यासारख्या. रोनक कानात किंचाळला, "मावशी दिसतायत! घालवा, घालवा!" काका स्टेजखालून हातानं पुसल्याची खूण करत होते. मी नॉब फिरवला. एक रेष गेली. आणखी फिरवला, दुसरी गेली. शेवटची घडी काखेजवळची होती, सगळ्यात काळोखी. ती जाईपर्यंत फिरवत नेला. शाल गेली. ढगात नुसतं एका बाईचं तोंड उरलं, आणि त्याच्यावर रोनकनं लॅपटॉपमधून बापाचा ढग आणून ठेवला. बाप हसत हात वर करत होता. बाई जगात नव्हती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग पाच सवाष्णी हळद लावायला पुढं आल्या. सगळ्यात पुढं बाळारामकाकांच्या मंडळी, अंगावर सोनं आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत चुडा. त्यांनी वाटीत बोटं बुडवली, प्रणालीच्या गालाकडं हात नेला. इक्बालभाईंचा कॅमेरा हातावर. आणि भिंतीएवढ्या स्क्रीनवर काकूंच्या हातातला चुडा नव्हता! जिथं चुडा होता तिथून ढग चालले होते. मागच्या चौघींचेही तेच. लांबून बघणाऱ्याला एवढंच दिसत होतं, की गजाननच्या मुलीला पाच भुंड्या हातांच्या बाया हळद लावतायत.

आधी कुणीतरी पोरगी हसली. मग बायकांच्या बाजूनं "अगो बाय!" असा जो आवाज उठला! काकूंनी स्क्रीन बघितली, मग स्वतःचं मनगट बघितलं, मग दुसऱ्या हातानं चुडा गच्च पकडून धरला. "माजा चुरा! अवो, माजा चुरा कुठं हाय?" हातात होता, आणि तरी त्या विचारत होत्या. एक म्हातारी उठून निघालीच. अपशकुन, अपशकुन, असं बाकांवरून पुढं सरकत आलं. हिराबायचं गाणं थांबलं.

काका माझ्या टेबलावर येऊन आदळले. "मॅडम, हे काय केलंव? परत आना! परत आना त्या बांगड्या!"

"आणते. सुनंदाताईंची शाल काढा."

"शालीचा काय संबंध?"

आता मात्र माझा तोल गेला. "मघाशी सांगितलं तेव्हा हसलात ना? ज्या हिरव्यानं त्या बाईला पुसलंत, त्याच हिरव्यानं तुमच्या घरच्या सगळ्या सवाष्णींचे चुडे जातात. मशीनला यातली विधवा कोण आणि सवाष्ण कोण, हे कळत नाही, काका! ते तुम्हालाच कळतं. एक बाई लपवायची तर सगळ्यांचे हात भुंडे करावे लागतील. बोला, काय करू?"

हे मी जरा मोठ्यानं बोलले असेन, कारण स्टेजवर प्रणालीनं वळून बघितलं. ती पाटावरून उठली. हळद पुरी होईपर्यंत नवरीनं पाटावरून उठायचं नसतं म्हणे. ती उठली, आईच्या मागं गेली आणि कापडाच्या क्लिपा काढायला लागली. एक निघेना, तर तिनं ते कापडच ओरबाडलं.

मी की काढून टाकली. एका बटनात, आकाश, ढग, बाप, सगळं. हेच ते बटन दाबणं. स्क्रीनवर राहिलं फक्त स्टेज. सुरकुत्या पडलेला पोपटी पडदा, त्याला लावलेले चिमटे, मागं लोंबणारी एक वायर. आणि आई आणि मुलगी. पाचही जणींचे चुडे जागच्या जागी चमकत होते. रोनक कानात ओरडत होता, "ढग! मॅडम, ढग कुठाय?" मी त्याचा आवाज बंद केला.

प्रणालीनं हळदीची वाटी आईपुढं धरली. सगळा मंडप बघत होता. मला वाटलं झालं, जिंकलो. तर सुनंदाताईंनी दोन्ही हात मागं घेतले. चटका बसावा तसे.

"नको बाय," त्या म्हणाल्या. हिराबायचा माइक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "मी नाय लावनार. तुजं वाईट व्हईल."

त्या क्षणी मला काकांचा आला नव्हता इतका राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. त्या बाईचा नाही. तिच्या मनात हे इतकं खोल कुणी घातलं, त्याचा. तिथं माझ्या मशीनचं काही चालणार नव्हतं.

हिराबाय गुडघ्यावर हात टेकून उठली. सुनंदाताईंजवळ गेली आणि त्यांचं मनगट धरलं.

"सुनंदा, मी कोन हाय?"

सुनंदाताईंनी मान वर केली.

"मी पन रांडाव बाई हाय. धाकला पोर मांडीवर व्हता तवा माजा घरधनी गेला. माज्या हातात हाय का चुरा? नाय ना? या गावान कितीक पोरींची लग्नां माज्या तोंडानं झायली, तुजं पन झायलं. माज्या बोलवन्यानं देव हलदीला येतान. आन तुज्या हातानं हलद लावली तर पलून जातील?" मग ती मंडपाकडं वळली. "कुनाला काय बोलायचं असंल तर आता बोला. नायतर मी माजी गानी घेऊन घरी जातंय. मग करा लग्न त्या टीव्हीवर."

धवलारीण उठून गेली तर हळदच राहून जाते. काका टेबलाचा कोपरा धरून उभे होते. त्यांच्या मंडळींनीच, चुडा अजून पकडलेल्या हातानं, वाटी सुनंदाताईंच्या जवळ सरकवली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

सुनंदाताईंनी बोटं बुडवली. बोटांवरची हळद प्रणालीच्या साडीवर सांडली. आधी एका गालाला लावली, मग दुसऱ्याला, मग कपाळाला, आणि मग बाई थांबेचना, गळ्याला, हातांना, लहान पोराला तेल लावतात तशी पोरीला हळद लावत राहिली. इक्बालभाईंनी हातांवर क्लोजअप धरला. फ्रेम जराशी हलत होती. इक्बालभाईंची फ्रेम कधी हलत नाही. मी तो एक शॉट लावून ठेवला आणि दुसऱ्या कुठल्याच बटनाला बोट लावलं नाही. खांदेश्वरला बघतायत ना, बघू देत म्हटलं. हिराबायनं गाणं पुन्हा धरलं.

हळद आटपल्यावर काका परत आले. आता लोक नव्हते, म्हणून आवाज मोकळा सुटला. "तुमी सगला सोहला बिघडवलाव. ते बायकांचं जाऊ द्या. पन माज्या भावाला कशाला काढलंव? पोरीला आशीर्वाद द्यायला आनला व्हता त्याला. मेलेल्या मानसाचा अपमान केलाव तुमी!"

त्यांचे डोळे खरंच भरले होते. मी वायरी गुंडाळत होते आणि उत्तर शोधत होते, कारण भावाच्या आठवणीवर भांडणं मला बरं वाटेना. तेवढ्यात सुनंदाताई स्टेजवरून उतरल्या. हात कोपरापर्यंत पिवळे. माझ्या टेबलाजवळ थांबल्या. दिवसभरात पहिल्यांदाच त्या आपणहून बोलल्या.

"दादा, तो ढगान व्हता तो कोन व्हता?"

"कोन म्हंजे? गजानन," काका म्हणाले.

"मी समोरच्या टीव्हीन बगत व्हती," सुनंदाताई शांतपणे म्हणाल्या. "दोन्ही हात वर करून आशीर्वाद देत व्हता. धाच्या धा बोटां व्हती त्याला. पोरीच्या बापाची उजव्या हाताची दोन बोटां कंपनीच्या मशीनीन गेली व्हती, दादा. तवा मी त्याला सहा महिनं हातानं भरवलाय." त्या जरा थांबल्या. "परका मानूस आनून माज्या तोंडावर ठेवलाव तुमी."

बाळारामकाका आपल्याच उजव्या हाताकडं बघायला लागले. सख्ख्या भावाची बोटं विसरले होते ते.